पंक्चरचं दुकान कागदात कसं आणायचं? आणि कातरकामाचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात पेपर कटिंगवर थोडं लिहिलं होतं, म्हणजे आपल्या जुन्या कातरकामावरच, आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ब्लेड कोणतं, कागद कोणता असं विचारणारे आहेतच, पण त्याहून जास्त जणांनी विचारलंय की यात आपलं स्वतःचं काही कसं आणायचं, आणि मला त्यावरच जास्त बोलायचंय.

प्रश्न : ताई, मी नागपुरात महाल भागात राहते. पेपर कटिंग बरेच दिवस करून राहिली आहे, मंडला, मोर, बुद्धाचा चेहरा असं सगळं नेटवरून डाउनलोड करून कापलं, हात चांगला बसलाय. मागच्या वर्षी माझे बाबा गेले. त्यांचं सायकल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान होतं, पंक्चर काढायचे. त्यांच्यावर काहीतरी करायचं म्हणून फोटोवरून चेहरा कापला तर तो कोणाचाही वाटतो, बाबांचा वाटतच नाही. आईला दाखवला तर ती नुसतं "छान आहे" म्हणाली. कुठे अडतंय?

उत्तर : चेहरा सध्या बाजूला ठेव. कटिंगमधे एकतर कागद असतो नाहीतर नसतो, मधली छटा नसते, आणि आपल्या माणसाला आपण ओळखतो ते बरंचसं डोळ्यांखालच्या, गालावरच्या बारीक सावल्यांवरून. फोटो काळा-पांढरा करून कापायला घेतला की सगळ्यात आधी त्याच उडतात. चेहरा हवाच असेल तर बाजूने घे. युरोपात फोटो निघायच्या आधी 18व्या शतकात माणसाची पडलेली सावली बघून काळ्या कागदात बाजूचा चेहरा कापून द्यायचे, कारण कपाळ, नाक, हनुवटीची एक रेघ ओळख पटवायला पुरते. चाकावर वाकलेली मान आणि ती रेघ, एवढं पुष्कळ आहे.

पण मी तुझ्या जागी असते तर दुकानच घेतलं असतं. आईजवळ बस आणि विचार की पाना कुठे असायचा, सोल्युशनची ट्यूब कुठे, पंप कोणत्या बाजूला, बाबा पाटावर बसायचे की उकिडवे. आधी चित्र काढू नकोस, नुसतं लिहून घे. मग त्यातली एकच गोष्ट निवड, सगळं दुकान नको.

मला विचारशील तर पाण्याचं घमेलं घे. ट्यूबमधे हवा भरून ती घमेल्यात दाबत दाबत फिरवायची आणि बुडबुडे निघाले की तिथे बोट ठेवायचं, हे तू लहानपणापासून बघितलं असशील. आता हे कापताना काय होतं बघ. बुडबुडे कागदाचे ठेवायला गेलीस तर ते गळून पडतील, कारण त्यांना धरून ठेवायला काही नाही, कटिंगमधे प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे जोडलेला राहावा लागतो. म्हणजे पाणी कागदाचं ठेवावं लागणार आणि बुडबुड्यांची भोकं करावी लागणार. जी हवा निघून जातेय ती तुझ्या चित्रात भोक म्हणूनच येईल, त्याच्यावर वेगळं काही लिहायची, बाबांची तारीख बिरीख टाकायची गरजच पडणार नाही. आणि ते बोट मात्र ट्यूबला चिकटलेलं ठेव, तिथला जोड जरा जाड ठेव.

चाक घेणार असशील तर अजून एक. नेटवरच्या चित्रात चाकाचे आरे सूर्याच्या किरणांसारखे मधून सरळ बाहेर जातात. खऱ्या सायकलला तसं नसतं, आरे हबला तिरपे बसतात आणि एकमेकांना ओलांडून रिमकडे जातात, म्हणूनच पॅडल मारल्याचा आणि ब्रेक लावल्याचा पीळ चाक सोसतं. साध्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला 40 आरे असतात, पुढच्याला 32. तू पण तिरपेच काप, आणि मोजून तितकेच काप, बाबांच्या ते लगेच लक्षात आलं असतं. कागदाचाही त्यात फायदा आहे, जिथे आरे एकमेकांना ओलांडतात तिथे आपोआप जोड मिळतो, सरळ आरे कापले तर ते लांबलचक लोंबतात आणि उचलताना फाटतात.

आईला पूर्ण झाल्यावर दाखवू नकोस, ड्रॉइंग चालू असतानाच शेजारी बसव. "घमेलं इकडे नव्हतं, उंबऱ्यापाशी असायचं" असं काही ती बोलली की खोडून तसं कर, दिसायला कितीही बॅलन्स बिघडला तरी.

प्रश्न : सुरुवात करायला काय काय घ्यावं? खर्च किती? (मानेवाडा)

उत्तर : फार काही लागत नाही. सर्जिकल सामानाच्या दुकानात 3 नंबरचं हँडल आणि त्यात बसणारं 11 नंबरचं ब्लेड मिळतं, टोकदार असतं, कटिंगला एकदम बरोबर. सीताबर्डीच्या स्टेशनरीवाल्यांकडे पेन कटर मिळतात ते पण चालतील. कागद 100 ते 130 जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद साधारण जाड). झेरॉक्सचा 75-80 चा असतो, तो सरावाला ठीक आहे पण बारीक जोड तुटतात, आणि जाड कार्डशीटवर मनगट भरून येतं. खाली कटिंग मॅट घ्या, एकदाच पैसे जातात. ब्लेडमधे मात्र कंजूसपणा करू नका, कागदाचे रेशे निघायला लागले की ब्लेड बदला, बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि ते सटकून बोटावर येतं. जुनी ब्लेडं उघडी कचऱ्यात टाकू नका, डब्यात टेप लावून बंद करा, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

कापताना आतले बारीक भाग आधी, मोठे नंतर, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. वळणावर हात नाही, कागद फिरवायचा. चित्र मागच्या बाजूला उलटं काढायचं म्हणजे पुढे पेन्सिलची रेघ दिसत नाही, आणि अक्षरं असतील तर ती पण उलटी काढायची हे विसरू नका.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. घरचे म्हणतात हे पोरीसोरींचं काम आहे, आणि कॉलेजचे मित्र म्हणतात लेझर कटर पाच मिनिटात करून देतो त्यासाठी तू रात्री काऊन जागून राहिला. मला हे खूप आवडतं पण उत्तर देता येत नाही.

उत्तर : घरच्यांना सांग की मथुरा-वृंदावनची सांझी पिढ्यानपिढ्या पुरुष कारागीरच कात्रीने कापत आलेत. त्या कागदाच्या साच्यांमधून रंग पाडून पितृपक्षात देवळात जमिनीवर आणि पाण्यावर पण कृष्णलीला काढतात. चीनच्या कागदकामाला युनेस्कोने 2009 मधे वारशाच्या यादीत घेतलं. मातिस, एवढा मोठा फ्रेंच चित्रकार, 1941 मधे पोटाचं ऑपरेशन झाल्यावर उभं राहून चित्र काढणं जमेना तेव्हा त्याने कात्री हातात घेतली, रंगवलेले कागद सरळ कापायला लागला, आणि म्हातारपणातलं त्याचं सगळ्यात जिवंत काम तेच आहे असं माझं मत. आणि आपल्याकडे थर्माकोलची मखरं यायच्या आधी घोटीव कागदाची मखरं कोण कापायचं, हे तुझ्या आजोबांनाच विचार ना.

लेझरला नावं ठेवायचं कारण नाही. लग्नाच्या 500 पत्रिका असतील तर लेझरच लागेल. पण तो कागद जाळून कापतो, पांढऱ्या कागदाच्या कडा कधी कधी तपकिरी होतात, आणि मुख्य म्हणजे फाईल दिल्यावर त्याला काही बदलता येत नाही. हाताने कापताना अर्ध्यात तुला वाटतं की ही खिडकी बंदच राहू दे, आणि तू ती ठेवतोस. तू रात्री जागतोस ते त्यासाठीच जागतोस असं मला वाटतं, वेळेचा हिशोब त्यात बसतच नाही. कारा वॉकर या अमेरिकन चित्रकर्तीचं काम बघ, अमेरिकेतल्या गुलामगिरीवर ती भिंतभर काळ्या कागदाच्या आकृत्या लावते. लांबून जुन्या घरातली शोभेची चित्रं वाटतात, जवळ गेलं की अंगावर येतं.

प्रश्न : आमचं गाव वैनगंगेच्या काठावर होतं, धरणाच्या पाण्यात गेलं. मी तेव्हा लहान होतो, फोटो एकही नाही. आई आता थकली आहे, नागपुरातच असते माझ्याकडे. तिच्यासाठी गाव कागदात करायचं आहे, पण बघून काढायला काहीच नाही.

उत्तर : दादा, फोटो नाही हे एका परीने बरंच आहे, कारण तुम्हाला आईकडूनच घ्यावं लागेल. तिला नकाशा काढायला लावू नका, वाट विचारा. घरातून निघालं की विहिरीपर्यंत काय काय लागायचं, डाव्या हाताला कोणाचं घर, नदीवर कपडे धुवायचा दगड कुठे, सर्कस नाही तर दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य) व्हायची ती कोणत्या चौकात. ती सांगेल तसं एका लांब पट्टीवर उतरवत जा, वरून बघितल्यासारखं नको, चालत गेल्यासारखं. घरं लहानमोठी होऊ द्या, तिला जे घर मोठं आठवतं ते मोठं.

मग थर करा. पुढच्या कागदात घरं आणि झाडं, मागे पतंगीचा निळा ताव, संक्रांतीला जुनी शुक्रवारीकडे ढिगाने मिळतो तोच. दोघांच्या मधे थोडी फट ठेवा म्हणजे पाणी घरांच्या मागून दिसेल. एक थर का दोन, हे आईला विचारून ठरवा. काहींना पाणी दाखवलेलं नको असतं, गाव कोरडंच हवं असतं, आणि तसं असेल तर निळा ताव अजिबात लावू नका, मग पांढराच मागे.

प्रश्न : नाव छापू नका. माझा घटस्फोट झाला, त्यावर मी काही कटिंग्ज केल्या आहेत. करताना खूप मोकळं वाटलं पण त्या भिंतीवर लावू शकत नाही, मुलगा सातवीत आहे, घरी येणारे-जाणारे असतात. ठेवू का फाडून टाकू?

उत्तर : ताई, केलेली प्रत्येक गोष्ट भिंतीवर लावायची असते असं कोणी सांगितलंय? आपल्या नागपूरची मारबत बघा. 1880च्या दशकापासून बांबू आणि कागदाचे एवढे मोठे पुतळे करतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गल्लोगल्ली फिरवतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. इतकी मेहनत करून जाळायचं, आणि कोणालाच त्यात काही चूक वाटत नाही. तर जाळायचं असेल तर खुशाल जाळा.

पण घाई करू नका असं मी म्हणेन. सध्या एका फाईलमधे, प्रत्येकाच्या मधे कोरा कागद घालून, कपाटात वर ठेवून द्या. रागात केलेलं आणि दुःखात केलेलं यातला फरक काही महिन्यांनी स्पष्ट दिसतो. रागातलं जाईल, दुसऱ्यातलं एखादं तुम्ही ठेवाल. आणि मुलगा सातवीत आहे म्हणजे त्याला बरंच कळतं. त्याने विचारलं तर आईने कागद कापलाय एवढं तरी त्याला दाखवायला हरकत नसावी, कशावर कापलाय ते त्याने विचारेपर्यंत थांबा. मात्र करताना रोज रडू येत असेल, झोप उडत असेल तर कागदावर भागवू नका, समुपदेशकाकडे जा, दोन्ही सोबत चालू शकतं.

प्रश्न : उन्हाळ्यात कटिंग नीट होत नाही, कागद मऊ पडतो आणि ब्लेड ओढतं. फेविकॉलने चिकटवलं की सुरकुत्या येतात. उपाय सांगा. (नंदनवन)

उत्तर : कूलर. आपल्याकडे 45 डिग्रीत कूलरशिवाय बसणं शक्य नाही हे मला कळतं, पण कूलरची हवा ओली असते, कागद ती पितो आणि मग ब्लेडखाली फाटतो. पहाटे कूलर बंद असताना कापा, नाहीतर पंख्यावर बसा आणि कापायचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधून ऐनवेळी काढा. फेविकॉलमधे पाणी असतं म्हणून सुरकुत्या येतात, ग्लू स्टिक घ्या आणि सगळीकडे न लावता चार-पाच ठिकाणी ठिपक्यापुरती लावा. फ्रेममधे काचेला कागद टेकू देऊ नका, पावसाळ्यात चिकटतो, मागे फोम टेपचे तुकडे लावले की फट राहते आणि सावली पण छान पडते. कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा मागचा पुठ्ठा उघडून बघा.