'फोरेन्सिक'ला सरसकट 'न्यायवैद्यक' म्हणू नका

प्रश्न : 'फोरेन्सिक आर्किटेक्चर'साठी 'न्यायवैद्यक वास्तुकला' असं वाचलं. बरोबर आहे का?

साफ चूक. फोरेन्सिक आर्किटेक्चर म्हणजे इमारती आणि जागा पुरावा म्हणून तपासायची पद्धत. न्यायवैद्यक म्हणजे न्यायाच्या कामी येणारं वैद्यक : शवविच्छेदन, विषप्रयोग, जखमांची तपासणी. तिथे तो शब्द चपखल आहे. पण हल्ली 'न्यायवैद्यक लेखापरीक्षण'ही छापून येतं! हिशेबाच्या वह्या तपासायला वैद्य कशाला? राज्य शासनाच्या प्रयोगशाळांच्या नावातला 'न्यायसहायक' पुष्कळ बरा. तरी तो पुराव्याला कोर्टाच्या दाराआड बसवतो, आणि मुळात 'फोरेन्सिक' हा शब्द दाराबाहेरचा.

लॅटिन 'फोरेन्सिस' म्हणजे फोरममधलं. फोरम हा रोमचा भरचौक. बाजार, सभा, खटले सगळं तिथेच. फोरमचं नातं 'फोरेस'शी, आणि फोरेस म्हणजे दार! 'फॉरेन'सुद्धा दाराबाहेरचाच. संस्कृत 'द्वार' आणि आपलं 'दार' याच कुळातले. संस्कृत-लॅटिनच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या शब्दारंभीच्या 'ध'चा लॅटिनमध्ये 'फ' होतो; आपला धूम तिकडे 'फूमुस' आहे. मग संस्कृतात 'ध्वार' का नाही? दाराला फळ्या दोन, म्हणून 'द्वि'च्या ओढीने 'ध'चा 'द' झाला, असं एक मत आहे. मला ते पूर्ण पटतं. ऋग्वेदात 'देवीर्द्वारः' असं बहुवचन येतं, लॅटिन फोरेसही बहुवचनीच. हे मत उडवून लावणाऱ्या पंडितांनी तो 'ध' गेला कुठे, ते आधी सांगावं.

फोरममध्ये न्याय मागायचा तर वक्तृत्वकला हवीच. देवांना, मृतांना, अख्ख्या नगरांना बोलतं करण्याची रीत वक्तृत्व शिकवणाऱ्या रोमन क्विंटिलियनने सांगितली आहे. आपल्या अलंकारशास्त्रातली चेतनगुणोक्ती तिच्या अगदी जवळची. वास्तुविशारद एयाल वाइझमन यांनी 2010 मध्ये लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात उभी केलेली 'फोरेन्सिक आर्किटेक्चर' ही संस्था हेच करते, फक्त तिथे भिंती बोलतात.

जर्मनीतल्या कासेलचं प्रकरण घ्या. 6 एप्रिल 2006 रोजी हालित योझगात या तरुणाचा नवनाझी टोळीने त्याच्याच इंटरनेट कॅफेत खून केला. हेस्से राज्याच्या गुप्तचर खात्याचा एक माणूस त्या सुमारास तिथेच होता. आपण गोळीचा आवाज ऐकला नाही, प्रेत पाहिलं नाही, असं त्याने सांगितलं. संस्थेने कॅफेचा तो 77 चौरस मीटरचा भाग बर्लिनमध्ये मूळ मापात उभारला. संगणकांच्या आणि फोनच्या नोंदींवरून 9 मिनिटं 26 सेकंदांचा क्रम जुळवला, आणि तीन गोष्टी तपासल्या : आवाज त्याच्या खुर्चीपर्यंत किती पोचतो, बंदुकीच्या दारूचा वास कसा पसरतो, टेबलावर पैसे ठेवताना नजर कुठवर जाते. नाजूक जागा वेळेची. घड्याळं काही सेकंदांनी चुकीची जुळली, तर तो खुनाच्या क्षणी आत होता की बाहेर, हेच डळमळतं. म्हणून दोन्ही शक्यता वेगवेगळ्या मांडल्या. निष्कर्ष : तो आत असेल तर त्याची जबानी विश्वासार्ह नाही.

2017 मध्ये हे काम कासेलच्याच 'डॉक्युमेंटा' कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. कलादालनात मांडलं म्हणून तो पुरावा नव्हे, असं म्हणणाऱ्यांना फोरम कळलेलाच नाही.

मराठीत काय लिहावं? नाव संस्थेचं असेल, तर जसंच्या तसं. पद्धतीला 'साक्षी-वास्तुशास्त्र' म्हणा.