आधी आज्ञा, मग सेवा

सेवेत नव्यानं येतो आहेस, तर "मी काय मोठं करू?" हे विचारत बसू नकोस. प्रभूनं आधीच जे सांगून ठेवलंय, ते केलंस का, एवढं बघ.

बायबलमधल्या फिलिप्पाचंच घे, तो पहिल्या मंडळीतला सुवार्तिक. शोमरोनात लोकसमुदाय त्याचं ऐकत होता, आणि नेमकं तेव्हा देवदूतानं त्याला गाझाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर पाठवलं. कारण सांगितलं नाही. तो उठला आणि निघाला. तिथे भेटला एकच माणूस, रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत बसलेला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8, पुन्हा वाच. मला तो दरवेळी हलवून सोडतो.

नागपुरात तुझी ती वाट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, आवारातही असू शकते. गडचिरोली-भंडाऱ्याकडची माणसं मे महिन्याच्या उन्हात झाडाखाली बसलेली असतात. शेजारी बस, गार पाणी दे, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो ते विचारून ये. प्रार्थना त्यांनी हो म्हटलं तरच. आणि फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, अजिबात नाही.

शौल राजाला शत्रूचं सगळं नष्ट करायची आज्ञा होती, पण त्यानं उत्तम मेंढरं राखली आणि वर यज्ञाचं नाव पुढे केलं. शमुवेल संदेष्ट्यानं ते ऐकून घेतलं नाही. आपणही उपदेशाच्या आड घरातला अबोला लपवतो. भावाशी बोलणं बंद असेल तर आधी त्याच्याकडे जा, रविवारी गाणी दुसरं कुणी म्हणेल. अर्पणाचा हिशेब त्याच दिवशी लिहून दे.

मात्र मनात आलं ते सगळं देवाचंच, असं धरू नकोस. वचनाशी ताडून बघ, पाळकसाहेबांना विचार, मग पाऊल टाक.