चवथीपर्यंत रंग नको

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री निवांत पाहिले, तेही घरच्या मोठ्या स्क्रीनवर. फोंताइन्हासची पिवळी भिंत, मालीमच्या धक्क्यावरची निळी होडी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले झेंडू, मिरामारचा सूर्यास्त. सगळे स्वच्छ, नेमके. तुझी आई म्हणते तसे कॅलेंडरवर शोभतील असे, आणि मला खटकलं ते तेच. त्या होडीच्या फोटोत निळ्याखेरीज काय आहे सांग. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अर्धी कापली गेलीय, मागचा खांब बरोबर खलाशाच्या डोक्यातून उगवलाय, ऊन माथ्यावरचं. निळा इतका देखणा होता की बाकीचं तुला दिसलंच नाही. पदेर, म्हणजे पाववाला, सायकल टेकवून बाल्कांवाच्या, घरापुढच्या ओसरीच्या, पायरीवर बसलाय, तो एकच फोटो मी पुन्हा पुन्हा उघडला. त्यात रंग असा नाहीच. डावीकडून येणारा उजेड आहे, पावाच्या पाटीच्या कडेची सावली आहे आणि त्याचं दमलेपण आहे.

आपल्याकडे रंग आयता मिळतो. भिंती रंगवलेल्या, होड्या रंगवलेल्या, पावसात रान नुसतं हिरवं. कॅमेरा कुठेही रोखला तरी काहीतरी चमकदार हाती लागतं आणि फोटो मिळाला असं वाटतं. म्हणून माझं सांगणं ऐक. आता आषाढ लागतोय. गणेश चवथीपर्यंत फक्त कृष्णधवल काढ.

‘रंगीत काढून मग काळा-पांढरा करता येतोच की,’ असं तू म्हणशील. येतो. पण तोवर बघून झालेलं असतं, आणि ते रंगातच झालेलं असतं. पिवळ्या भिंतीसाठी थांबलीस, पिवळ्यासाठी चौकट धरलीस, मग घरी येऊन पिवळा काढून टाकलास, तर उरतं काय? एक राखाडी भिंत. फसलेला रंगीत फोटो वाचवायला म्हणून काळा-पांढरा करणारे मी आयुष्यभर पाहिले. तो वाचत नाही, फक्त गंभीर दिसू लागतो. ठरवायचं ते बटण दाबण्याआधी.

तुझ्या मिररलेस कॅमेऱ्यात हे सोपं आहे. मोनोक्रोम लाव, म्हणजे डोळ्याला लावल्या क्षणी व्ह्यूफाइंडरमध्ये जगच राखाडी दिसेल. फाइल मात्र रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेलं चित्र) दोन्ही ठेव. जेपेग काळी-पांढरी येते, रॉमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत राहते. ती पुढे लागते. सेन्सरवर बारीक लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळवलं, आणि तिच्यातल्या निम्म्या गाळण्या हिरव्या असतात. ही वेगवेगळी माहिती हाताशी असते म्हणूनच कुठला रंग किती उजळ राखाडी व्हावा, हे तुला नंतर ठरवता येतं. लायकाने २०१२ मध्ये अशी जाळीच नसलेला कॅमेरा काढला. त्यात धार आणि बारकावे जास्त मिळतात, पण लाल आणि हिरवं नंतर वेगळं करता येत नाही, त्यासाठी भिंगावर रंगीत फिल्टर चढवावा लागतो. तुला त्याची गरज नाही, आणि त्याची किंमत ऐकून मी तो विषय कधीच सोडलाय.

पहिला धडा जुन्या गोव्यात घे. बॉम जेझू बॅसिलिकेसमोरच्या बागेत उभी राहा. १९५० च्या दशकात या चर्चचा गिलावा काढला, तेव्हापासून जांभा उघडा पडलाय. तांबडा, खडबडीत, भोकाभोकांचा. (पावसाने दगड झिजतो म्हणून पुन्हा गिलावा करा, अशी मागणी होत असते. तो वाद वेगळा, पण त्या झिजलेल्या दगडावर तिरकं ऊन पडलं की भिंतीचा कण न् कण वाचता येतो.) रंगात बघशील तर तांबडं चर्च आणि हिरवी बाग एकमेकांपासून लगेच सुटतात. मोनोक्रोममध्ये बघ. दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात आणि चर्च कुठे संपतं, झाड कुठे सुरू होतं, ते कळेनासं होतं. आता रॉ फाइल उघडून लालाचा स्लायडर वर ने आणि हिरव्याचा खाली. जांभा उजळतो, झाडी काळवंडते. उलट केलंस तर उलट. एकाच क्षणाचे दोन वेगळे फोटो झाले, आणि त्यातला कुठला तुझा, हे तुलाच सांगावं लागणार. रंगीत फोटोत हा प्रश्न तुला कोणी विचारलाच नव्हता.

स्लायडर ओढताना हात मात्र आवर. आकाश काळंभोर करायच्या नादात निळा तळाला नेलास की तिथे दाणे उठतात आणि माडांच्या झावळ्यांभोवती पांढरी किनार येते. पावसाळ्यातल्या हिरव्यासाठी आणखी एक. भातशेती आणि कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, उजळायचं असेल तर नुसता हिरवा ओढून भागत नाही, पिवळ्याला हात लाव. पानांच्या रंगात पिवळा भाग आपल्याला वाटतो त्याहून बराच जास्त असतो.

हा खेळ नवा नाही. तुमच्या घरी देवघराशेजारी पणजीचा फोटो असेल तर नीट बघ. तसल्या बऱ्याच जुन्या फोटोंत कुंकू काळं कुळकुळीत दिसतं, ओठही गडद, आणि बाहेर काढलेल्या फोटोत आकाश कोरं पांढरं. तेव्हा फोटो ज्या काचेवर टिपत, त्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेला लाल दिसतच नसे आणि निळा जरुरीपेक्षा जास्त दिसे. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. डार्करूममध्ये आम्ही लाल दिव्याखाली कागद धुवायचो तेही त्याच न्यायाने. छपाईच्या कागदाला लाल दिसत नाही. म्हणजे ‘खरा’ राखाडी असा कुठे नसतोच, कोणीतरी तो ठरवलेला असतो. पूर्वी रसायन ठरवायचं, आता तू.

मग एक्स्पोजर. इथे कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं, जगात सगळं सरासरी मधल्या राखाडीचं असतं. पुस्तकात त्याला अठरा टक्के राखाडी म्हणतात. पणजी शहरातल्या चुना दिलेल्या चर्चवर कॅमेरा रोखलास की तो ते मळकं करून ठेवतो. एक-दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), तेव्हा ते पांढरं होतं. मात्र हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला धडकू देऊ नकोस, नाहीतर चुन्यातला पोत गेला. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला जाशील तेव्हा नेमकं उलट. कदंबांच्या काळातलं ते देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे, रानात, सावलीत. कॅमेरा त्यालाही राखाडी करायला बघतो आणि दगडाचं वजनच निघून जातं. तिथे एक स्टॉप कमी कर. ॲन्सेल ॲडम्स या छायाचित्रकाराने फ्रेड आर्चरबरोबर १९४० च्या सुमारास यावर झोन सिस्टिम बांधली, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, शून्यापासून दहापर्यंत अकरा पायऱ्या. वाच, पण पाठ करत बसू नकोस. चौकटीत सगळ्यात काळं काय आणि सगळ्यात पांढरं काय, आणि त्या दोन्हींत तुला काही दिसायला हवंय की नको, एवढं दर वेळी स्वतःला विचारलंस तरी निम्मं काम झालं.

म्हापशाच्या बाजारात तुझी खरी पंचाईत होईल. गर्दीत माणसं रंगाने सुटी होतात, लाल साडी, हिरवा शर्ट. रंग गेला की सगळ्यांचा एक लगदा. याचा अभ्यास करायचा तर मारिओ मिरांडाची चित्रं घे समोर. लोटलीच्या या माणसाने केवळ शाईच्या रेषेत केवढाले बाजार, बसेस आणि लग्नं भरली, आणि तरी एकेक माणूस वेगळा ओळखू येतो. कोणाच्या अंगात चौकड्या, कोणाच्या पट्ट्या, कोणी सबंध काळा, कोणी कोरा. काळ्यासमोर पांढरा, नक्षीसमोर कोरा, असा तो मांडत जातो. बाजारात तू माणसं हलवू शकत नाहीस, पण स्वतः दोन पावलं सरकू शकतेस. चटईच्या विणीसमोर कोणाचा उघडा दंड येईल, मडक्यांच्या काळ्या रांगेवर कोणाचं पांढरं लुगडं येईल, तिथे थांब आणि वाट बघ. मला विचारशील तर काळ्या-पांढऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. ते तुला चालायला आणि थांबायला लावतं.

एक फायदा रोखठोक आहे. गेल्या हिवाळ्यात पेडण्याला दशावताराचे तू फोटो काढलेस आणि रंग विचित्र आले म्हणून टाकून दिलेस, असं तुझी आई सांगत होती. एका गालावर पिवळा बल्ब, दुसऱ्यावर हिरवट ट्यूब, वर निळी ताडपत्री. रंगात त्याला इलाज नाही. काळ्या-पांढऱ्यात तो गोंधळ नाहीसा होतो आणि उरतो फक्त उजेड, कुठून येतोय आणि किती. अंधारात वाढवलेल्या आयएसओचे (सेन्सरच्या संवेदनशीलतेचे) दाणेही राखाडीत डोळ्याला टोचत नाहीत. त्या फाइली पुन्हा उघड. सावध एवढ्याचसाठी राहा की निळ्या किंवा लाल एलईडीखाली एकच चॅनल, म्हणजे त्या एका रंगाची माहिती, आधी फुटतो, उजेडाने भरून कोरा होतो. तो फुटला की चेहऱ्याची घडण गेली, ती राखाडीतही परत येत नाही.

आता इशारे. सुरकुतलेली आजी, काळी-पांढरी, कॉन्ट्रास्ट चढवलेला, हा पदार्थ बाजारात फार झालाय. तसा फोटो आपोआप जुना आणि दुःखी वाटतो, आणि त्यात ना ती आजी असते ना तू. सावळ्या चेहऱ्याचंही तसंच. नारिंगी स्लायडर वर नेला की रापणकाराचा, किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, उन्हाने रापलेला चेहरा गोरा होतो. नेऊ नकोस. सावळा चेहरा सावळाच ठेवून त्यावरचा उजेड पकडायचा, त्यासाठी उन्हातून दाराच्या आत घे माणसाला, किंवा जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानाजवळ बसव. त्या शिंपल्यांतून गाळून येतो तसा मऊ उजेड विकत घ्यायला गेलीस तर मिळायचा नाही.

आणि सगळंच राखाडीत बघायचं असंही नाही. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी जन्मभर रंगातच काम केलं आणि भारताला रंगाशिवाय बघता येत नाही असं ठामपणे मांडलं. शिगम्याच्या मिरवणुकीपुरतं मी त्यांचं म्हणणं मान्य करते. गुलालातून रंग काढला तर धूळ उरते. फोंताइन्हासलाही रंग हीच बातमी आहे. तिथे काळं-पांढरं करायचंच असेल तर भिंत सोड आणि सज्ज्याच्या लोखंडी नक्षीची सावली भिंतीवर उतरते ती बघ. पण गोवा म्हटलं की समुद्र आणि रंगीत घरं, यापलीकडेही बघता येतं, हे छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता यांनी दाखवलं. इथे राहून त्यांनी गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे कृष्णधवल फोटो काढले, त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. मिळालं तर बघ. माणसं बघच, पण खोल्यांतला अंधार त्यांनी किती ठिकाणी तसाच राहू दिलाय तेही बघ. तू सावल्या उचलून उचलून सगळं दिसेलसं करतेस. ती सवय सोड.

फिल्मचं खूळ तूर्त डोक्यात घेऊ नकोस. रोल महाग, धुवायला बाहेर पाठवायचा, आणि शिकताना उत्तर लगेच मिळायला हवं. पुढे हौस म्हणून खुशाल कर, माझी टाकी आणि ट्रे अजून माळ्यावर आहेत.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात लोळायचा-खेळायचा उत्सव, आहे, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात. आपण जाऊ. तिथे शर्टाचे रंग, धोतराच्या किनारी, सगळं काही मिनिटांत चिखलाखाली जातं. उरतात ओल्या अंगांवरच्या चमका, दात, डोळ्यांतलं पांढरं आणि एकमेकांवर पडलेली शरीरं. ढगाळ असलं तर फार बरं, सावल्या गुंतागुंत करणार नाहीत. चमका जपायच्या म्हणून एक्स्पोजर जरा आवरतं घे, शटर पाचशेच्या वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जलद, ठेव, आणि कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळ, कारण बाजूला उभं राहणाऱ्यालाही तिथे कोणी सोडत नाही. लांब भिंग घेऊन कोपऱ्यात बसणार असशील तर येऊच नकोस.

त्याआधी म्हापशाचे आणि जुन्या गोव्याचे मिळून चार फोटो निवड आणि मॅट कागदावर छापून आण. स्क्रीनवर सगळंच उजळ दिसतं, कागदावर काळं खरोखर काळं झालं की नाही ते कळतं. चार म्हणजे चारच, चाळीसातले निवडायचं काम माझ्यावर टाकू नकोस. आईला सांग, फणसपोळी पोचली, डबा परत देते.

तुझी,
मावशी