‘सी ए टी कॅट’ येतं, मग ‘टॅप’ का अडतं?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शिशूत जाते. ‘सी ए टी कॅट, एम ए टी मॅट’ घडाघडा म्हणते. पण ‘टॅप’ लिहून दाखवला की माझ्या तोंडाकडे बघत बसते. गल्लीतल्या दोघीतिघींनी मुलांना फोनिक्सच्या क्लासला घातलंय, आमचे हेही घालू या म्हणतात. सासूबाई रोज संध्याकाळी पाटीवर ‘क कमळाचा’ गिरवून घेतात. दोन्हींचा गोंधळ होईल का? क्लास लावू का?
— एक आई, विटा

उत्तर : क्लासचं मागाहून बघू. तुमची लेक ‘कॅट’ वाचत नाही, पाठ म्हणते. सी, ए, टी ही अक्षरांची नावं. ती कितीही भरभर म्हटली तरी ‘सीएटी’च होणार. शब्द होतो आवाजांचा : क्, ॲ, ट्. फोनिक्स म्हणजे एवढंच, अक्षर दिसलं की त्याचा आवाज काढायचा आणि आवाजाला आवाज जोडत न्यायचा. लिहिताना उलटं. शब्द ऐकायचा, आवाज सुटे करायचे, ज्याचं त्याला अक्षर द्यायचं.

मराठी घरांत इथे एक अडचण हमखास येते. आपल्या ‘प’च्या पोटात ‘अ’ असतोच. तोच आपण इंग्रजी पीलाही चिकटवतो. मग पोर ‘टऽ-ॲ-पऽ’ असं जोडायला जातं आणि त्यात त्याला टॅप काही ऐकू येत नाही. ‘प्’ म्हणताना ओठ मिटून नुसते उघडायचे, गळ्यातून आवाज काढायचा नाही. घरात आधी तुम्हीच म्हणून बघा, वाटतं तितकं सोपं नाही. म्हणून सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा : ‘स्स्स’, ‘म्म्म’, ‘न्न्न’. ‘स्स्सॅट’, ‘म्म्मॅप’ म्हटलं की जोड आपोआप लागतो.

एबीसीडीच्या क्रमाने जाऊ नका. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांवर आधी हात बसू द्या. एवढ्यात सॅट, टॅप, पिन, पॅन, नॅप, टिन होतात. खरंच वाचतेय का ते बघायचं तर अर्थ नसलेला शब्द द्या, ‘नॅस’ नाहीतर ‘टॅस’. इंग्लंडमध्ये २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची अशीच छोटी चाचणी होते. ४० शब्द असतात, त्यातले निम्मे बनवलेले, म्हणजे पाठांतराला वावच नाही. पुढे ‘सेड’ (said), ‘वन’ (one) असले शब्द येतील, ते काही आवाजाने नीट सुटत नाहीत. २६ अक्षरांत चाळीसेक आवाज बसवलेत, कुठेतरी शिवण उसवणारच. ते शब्द तोंडओळखीनेच शिकवायचे.

सासूबाईंची पाटी अजिबात बंद करू नका. मराठीत अक्षर आणि आवाज बराचसा हातात हात घालून चालतात, त्यामुळे वाचन म्हणजे काय हे मुलाला मराठीतून लवकर उमगतं. फक्त त्यांना एक विनंती करा. क, ख, ग, घ, ङ हा क्रम थोडे दिवस बाजूला ठेवायचा. साडेपाच वर्षांची पोर ‘ङ’ घेऊन काय करणार? क, म, र, न आणि काना एवढंच घ्या. लगेच काम, कान, नाक, मान, रान, मका, कमान. त्यात ‘ड’ घातला की कराड. मग विट्याच्या स्टँडवर नेऊन एसटीची पाटी वाचायला सांगा. वाचली की घरी ‘डराक’ लिहून विचारा. हसत हसत वाचलं तर समजा जमलं.

पहिल्या वेलांटीला मात्र घाई नको. ‘मिरज’मध्ये डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि तोंडात आधी ‘म’ येतो, मुलं तिथे अडखळतातच. आणि ‘चिंच’मधले दोन ‘च’ वेगळे का, असं लेकीने विचारलं तर पाठ थोपटा, तिचा कान तयार आहे.

रोज दहा मिनिटं पेन्सिल न घेताही होतं. भाकऱ्या थापताना विचारा, ‘भ’वरून इथे काय काय दिसतंय? ‘भाकरी’तला ‘भा’ काढला तर काय उरलं?

आता क्लास. पैसे भरण्याआधी एक तास तिथे बसून या. नावं घोकून घेतात की आवाज काढून घेतात, ‘ब’ म्हणतात की ‘ब्’, हे ऐका. पालकांना बसू देत नसतील तर परत या. माझं मत विचाराल तर या वयात नकोच. २०२१च्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या मोहिमेने समजून वाचण्यासाठी तिसरी संपेपर्यंतची मुदत धरली आहे, तुमची मुलगी अजून पहिलीतही नाही.

प्रश्न : नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. लिहिताना ‘येळ’, ‘इहीर’, ‘पानी’ लिहितो. वही लाल होऊन येते. अभ्यासात मागे आहे का?
— एक आजोबा, कोरेगाव तालुका

उत्तर : आजोबा, तुमच्या घरात विहिरीला काय म्हणतात? इहीरच ना? मग पोरानं जे ऐकलं ते बिनचूक लिहिलं. त्याला किंवा घरच्या बोलण्याला नावं ठेवू नका. ‘आपण इहीर म्हणतो, पुस्तकात विहीर लिहितात’ एवढंच सांगा आणि वहीच्या मागच्या पानावर जोड्या करायला लावा : येळ-वेळ, इळा-विळा, इस्तू-विस्तू. स्वतःच शोधत हिंडेल, तुम्हालाही कामाला लावेल. ‘ण’साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला शिकवा आणि पाणी, लोणी, दाणे म्हणून घ्या.

काळजी कधी करायची तेही सांगते. ‘कमळ’सारखा साधा शब्द जोडता येत नसेल, ‘घ’ आणि ‘ध’ अजूनही सारखेच वाटत असतील, फळ्यावरचं उतरवताना ओळीच्या ओळी सुटत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. कधी येणार ते वर्गशिक्षकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी नातू शाळा बुडवणार नाही एवढं बघा.