खंड्याची सनद

चि. सई,

तुझा निरोप ऐकला. पालखीतल्या घोड्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला का लावतात, हा प्रश्न सोपा होता. त्याच्यापुढे जे म्हणालीस ते जरा लागलं. "बॉबी खरा होता, त्याचा पट्टा म्युझियममध्ये आहे. आपले प्राणी सगळे गोष्टीतलेच का?" 'आपले' म्हणालीस म्हणून आधी खूश झाले, मग चिडले, आणि आता लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं तर "बरं आई, कळलं" म्हणून तू ठेवून दिला असतास.

आधी बॉबीचंच घेऊ. एडिंबरात येता-जाता आपण त्या कुत्र्याचा पुतळा बघतो. जॉन ग्रे हा पोलिसांतला रात्रीचा पहारेकरी 1858 मध्ये वारला, त्याला ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत पुरलं, आणि त्याचा कुत्रा पुढे 14 वर्षं, 1872च्या जानेवारीत स्वतः मरेपर्यंत, त्या थडग्यापाशी राहिला, असं तुला शाळेत शिकवलं. पुतळा 1873चा. पट्टा त्याआधीचा, 1867चा. मालक नसलेल्या कुत्र्याच्या परवान्याचे पैसे कोण भरणार असा पेच पडला, तेव्हा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे तिथले महापौर, विल्यम चेंबर्स यांनी ते भरले आणि पट्टाही दिला. आता नीट बघ. पट्ट्यावरून एवढंच कळतं की बॉबी नावाचा कुत्रा होता आणि त्याचा परवाना अमक्यानं काढला. तो तिथे दुःखानं बसायचा की रोज तिथे जेवण मिळायचं म्हणून, हे पट्टा सांगत नाही. 2011 मध्ये एका संशोधकानं तर असं मांडलं की कुत्रे दोन होते. पहिला गेल्यावर त्याच्या जागी दुसरा आला, कारण बॉबीला बघायला माणसं येत आणि आसपासच्यांचा धंदा चाले. तरी लोक पुतळ्याचं नाक घासतातच. वरचा रंग उडून धातू उघडा पडतो, घासू नका म्हणून सांगावं लागतं. नाक घासणं आणि टापेखालची माती यांत मला काही फार अंतर दिसत नाही, पण ते असो.

कागदच हवा असेल तर आपल्याकडे खंड्या आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाचा कुत्रा. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनद करून जहागीर दिली आणि वर पालखीचा मान दिला. हे लिहून ठेवणारा माणूस आपल्या घरातला नाही बरं का. तो जेम्स ग्रँट डफ, कंपनी सरकारचा साताऱ्यातला अधिकारी, जन्म स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. त्यानं लिहिलेला मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये छापून आला. खंड्या हे नाव मात्र आपल्या लोकांनी जपलेलं.

जहागीर म्हणजे जमिनीचा वसूल त्याच्या नावे लावून दिलेला. पालखीचा मान म्हणजे पालखी, ती उचलणारे भोई आणि त्यांचा खर्च, सगळं आलं. हा मान मिळावा म्हणून सरदारांच्या पिढ्या चाकरीत जात, आणि इथे कुत्रा पालखीत! डफनं आणखी एक प्रसंग दिलाय. एक सरदार भारी पोशाख करून दरबारात यायचा होता. महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला शेजारी घेऊन बसले. डफच्या लेखी हा राजाचा विक्षिप्तपणा. मला त्यात सरदाराची जिरवलेली दिसते. खंड्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे.

पण तुझाच नियम खंड्यालाही लावू. सनदेवरून राजाची कृतज्ञता कळते; वाघ किती जवळ आला होता ते कळत नाही.

गंमत म्हणजे लहानपणी मी खंड्याचं नावही ऐकलं नव्हतं. रास्ता पेठेत आमच्या वाट्याला तीन प्राणी आले: वाघ्या कुत्रा, यशवंती घोरपड आणि रेडा. तुझी पणजी रेशनच्या रांगेत काय झालं ते ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात रेडा वेद बोलल्याचंही सांगायची. खरं का खोटं असं आम्ही कोणी विचारत नव्हतो. तू विचारतेस, आणि ते मला आवडतं. फक्त उत्तर देताना माझी पंचाईत होते.

वाघ्याचं लवकर आटपते. शिवाजी महाराज 3 एप्रिल 1680ला रायगडावर निवर्तले, आणि त्यांच्या कुत्र्यानं चितेत उडी घेतली, अशी कथा. त्या काळच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख नाही. समाधीजवळचा पुतळा 1936चा, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांनंतरचा. तो मध्यंतरी काढला गेला, परत बसवला गेला, आणि 2025 मध्ये पुन्हा हटवण्याची मागणी झाली. अजितमामासमोर हा विषय काढलास तर जेवण गार होईल. मला विचारशील तर कुत्रा असा जळत्या आगीत जात नाही. मालकाच्या जागेपाशी बसून राहणं आणि खाणं सोडणं हे मात्र कुत्रे करतात. एवढी गोष्ट मला पुरली असती.

यशवंतीवर थोडं थांबते, कारण सिंहगडावर गेलीस की कड्यापाशी कोणी ना कोणी तुला तिची गोष्ट सांगणारच. 4 फेब्रुवारी 1670च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी घोरपडीला दोर बांधून तिला कड्यावर सोडलं, ती आधी माघारी फिरली, दम दिल्यावर चढली आणि मावळे त्या दोरावरून वर गेले. गोष्टीला धागा आहे तो घोरपडीच्या सवयीचा. घोरपड खडकाच्या फटीत शिरली की नखं रोवते आणि अंग फुगवते, मग तिला ओढून काढणं मुश्कील. पण त्याला दोन्ही बाजूंनी दगड लागतो. उघड्या कातळावर अंग फुगवून काही उपयोग नाही. शिवाय मोठ्यातली मोठी घोरपड सातेक किलोची. खालून साठ किलोचा मावळा लोंबकळणार, हिसके बसणार, आणि नेमकं तेव्हाच तिनं फटीत बसून राहायला हवं. तिला तसं शिकवता येत नाही. सभासदाची बखर 1697ची. तिच्यात घोरपड नाही, मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असं आहे. घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. आधी हलक्या अंगाचा, कडे चढण्यात मुरलेला गडी वर जायचा, झाडाला किंवा खडकाला दोर बांधायचा आणि मग बाकीचे, हे मला जास्त पटतं. त्या गड्यांची नावं मात्र यशवंतीइतकी कोणाच्या तोंडी नाहीत, आणि हे काही आपल्याला भूषणावह नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. जिला आपण किल्ला जिंकून दिल्याचा मान देतो, तिचं आपण काय केलं? मांसासाठी मारली. सांधेदुखीवर म्हणून तिचं तेल विकलं. नराचं जननेंद्रिय वाळवून 'हत्थाजोडी' नावाची मुळी म्हणून विकतात. ते देव्हाऱ्यात ठेवलं की पैसा येतो म्हणे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या (कुत्रा नव्हे, खंडोबाचा भक्त) जी दिमडी वाजवतो, तिलाही पूर्वी घोरपडीचं कातडं मढवत, पातळ आणि चिवट म्हणून. आता बकऱ्याचं कातडं किंवा प्लॅस्टिकचा पडदा वापरतात. 1972च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मारली, नुसतं कातडं बाळगलं, तरी किमान 3 वर्षांची कैद. तू गोष्टीच्या खरेपणावर बोट ठेवलंस. मला अडचण इथे वाटते.

आता घोडा. तू एक म्हणालीस, पण माउलींच्या पालखीपुढे ते दोन असतात. कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचा हा मान. घोडे तिथून पायी आळंदीला येतात. एकावर स्वार बसतो, हातात पताका घेऊन. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिच्यावर माउली बसतात असा भाव. पुण्याच्या मुक्कामात तुला ते नुसते उभे किंवा चालताना दिसतील. खरी गोष्ट पुढच्या वाटेवर, रिंगणात. पहिलं उभं रिंगण तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी: वारकरी दुतर्फा उभे राहतात आणि मधल्या वाटेनं घोडे धावत जाऊन परत येतात. गोल रिंगणात मधोमध पालखी, तिच्याभोवती दिंड्या, मग घोड्यांसाठी मोकळी ठेवलेली गोल वाट, आणि बाहेर माणसंच माणसं. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी धावतात, मग घोडे सुटतात. मोकळा घोडा स्वाराच्या घोड्याला गाठून पुढे गेला की "माउली, माउली"चा जो गजर होतो, तो फोनवरच्या व्हिडिओत अर्धाही येत नाही.

स्वार नसताना तो वाट सोडून का जात नाही? तू विचारायच्या आधी मीच सांगते: घोडा कळपातला प्राणी आहे, पुढे एक धावला की दुसरा त्याच्यामागे धावतो, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती असतात. हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा येतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, एवढंच म्हणते. तू माती लाव असं मी सांगणार नाही, आणि लावणाऱ्याला हसू नकोस असंही सांगायची गरज नाही, तेवढी तू शहाणी आहेस.

जवळ जायचं असेल तर मात्र ऐक. घोड्याला बरोबर पाठीमागचं दिसत नाही आणि थेट नाकापुढचंही नाही, म्हणून मागून जाऊ नकोस आणि समोरून तोंडाकडे हात नेऊ नकोस. सोबतच्या माणसाला विचार, त्याला दिसशील अशा बेतानं खांद्याच्या बाजूनं जा, आणि हात पसरून मानेवर किंवा खांद्यावर ठेव. पायाला हात लावायला वाकू नकोस. गर्दीत तो सारखा एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत असतो. टाप उचलली ती कुठे पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि बोटं चिरडतात. माती हवीच असेल तर तो पुढे गेल्यावर घे. आणि लोक भक्तीनं पेढे, बिस्किटं, गूळ पुढे करतात, तेही नको. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात नको ते गेलं की ते तिथेच अडतं, कळा सुरू होतात, आणि त्यातून घोडा जाऊही शकतो.

कुत्र्याचंही तसंच. चंपाषष्ठीला आजी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करते. खंडोबाचा म्हणून कुत्र्याला पान वाढायचं असतं. भरतात कांद्याची पात असते आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा कुत्र्याला नुसता रोडगा, वाटल्यास थोडं दूध. आजी कुरकुरेल. खंडोबा कुरकुरणार नाही.

राहिला रेडा. पैठणच्या ब्रह्मवृंदानं ज्ञानेश्वरांना आणि भावंडांना नाकारलं. सगळ्यांत एकच आत्मा आहे म्हणतोस, तर या रेड्याकडून वेद म्हणवून दाखव, असं आव्हान दिलं. रेडा पखालीचा, पाणी वाहणारा, आणि त्याचंही नाव ज्ञाना. ज्ञानेश्वरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बोलू लागला. रेड्याच्या गळ्यातून ऋचा निघत नाहीत, हे तुला शास्त्राच्या तासाला शिकवलंय आणि ते बरोबरच आहे. पण या गोष्टीत वेड्यात कोण निघतं बघ. ज्यांनी ज्ञान स्वतःपाशी कुलूपबंद ठेवलं, ते. ती रेड्याच्या तोंडून सांगण्यात कोणाचा तरी खट्याळपणा आहे, आणि म्हणून तिन्हींमध्ये मला हीच सोडवत नाही.

त्या रेड्याची समाधी पुणे जिल्ह्यातच आहे, जुन्नर तालुक्यात आळे गावी. वाकडेवाडीहून नाशिककडे जाणारी एसटी नारायणगावावरून आळेफाट्याला जाते, गाव फाट्यापासून जवळ आहे. संगम माहुलीला मामा गाडीनं नेईल, साताऱ्यात त्याचं काम असतंच. पावसात नदीकाठच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चपला नीट पकड असलेल्या घाल. यांतलं एक ठिकाण बघितलंस तरी बास. नाहीच गेलात तरी मी रागावणार नाही. मग निदान मामाला खंड्याच्या जहागिरीचं सांग, त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही.

तुझी आई