फेलोशिप कुठे करू विचारलंस ना, मग हे वाच

बेटा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता, पण ओपीडी संपायलाच साडेदहा झाले, आज रविवार आहे म्हणून निवांत लिहितोय. एमएस (सर्जरी) झालं, आता लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची ऑपरेशनं, आणि ॲडव्हान्स जीआय, म्हणजे पोट-आतड्याच्या मोठ्या सर्जरीची फेलोशिप करायची, कुठे करू असं विचारलंस.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. काही दिवसांचा कोर्स करून परीक्षा दिली की मिळते तीपण फेलोशिपच, आणि एफएनबीची (नॅशनल बोर्डाची) मिनिमल ॲक्सेसची, म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीची, 2 वर्षांची तीपण फेलोशिपच. पहिली वाईट नाहीये, पण तिच्याने हात तयार होत नाही. आणि तुला लिव्हर, पॅन्क्रियास, अन्ननलिकेचा कॅन्सर असलं मोठं काम करायचं असेल तर सरळ नीट एसएस ही सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा दे आणि 3 वर्षांचं सर्जिकल गॅस्ट्रो (पोटाच्या सर्जरीची सुपर स्पेशालिटी) कर, ते फेलोशिपमध्ये भागत नाही, माझं तरी स्पष्ट मत आहे.

सेंटर बघायला जाशील तेव्हा मोठ्या सरांना भेटच, पण खरी माहिती तिथल्या आत्ताच्या फेलोला कँटीनमध्ये चहा पाजून काढ. पोर्ट (दुर्बीण-अवजारं आत घालायच्या नळ्या) कोण टाकतं, सहाव्या महिन्यात लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीने गॉलब्लॅडर (पित्ताशय) काढायचं ऑपरेशन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणाच्या हाताने होते, हर्नियाची जाळी कोण बसवतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची केस ओपन, म्हणजे दुर्बीण सोडून पोट उघडून, कधी केली होती. आमच्याकडे ओपन करावंच लागत नाही असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर तिथे जाऊ नकोस. रोबोट आहे म्हणूनही जाऊ नकोस.

पहिले काही महिने कॅमेराच धरावा लागेल, त्यात कमीपणा मानू नको. 30 डिग्रीच्या स्कोपची (तिरकं बघणाऱ्या दुर्बिणीची) लाइट केबल जरा फिरवली की कॅलॉटच्या त्रिकोणाची, म्हणजे गॉलब्लॅडरची नलिका आणि लिव्हर यांच्यामधल्या जागेची, मागची बाजू दिसते, हे मला पुस्तकातून नाही, तीन-चार महिने कॅमेरा धरून कळलं.

माझी स्वतःची एक केस सांगतो, आजपर्यंत विसरलो नाही. मी शिकत होतो तेव्हाची, मे महिन्याची दुपार, एक शेतकरी बाई, गॉलब्लॅडर सुजून नुसता दगड झालेला. मला वाटलं हीच सिस्टिक डक्ट (गॉलब्लॅडरची नलिका, जी कापायची असते), क्लिप ॲप्लायर (नलिकेला चिमटा लावायचं अवजार) आत घेतला, जबडा उघडला, आणि सरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, म्हणाले, कॅमेरा मागे घे. मागे घेतला तर काय, गॉलब्लॅडर वर ओढल्यामुळे मुख्य पित्तनलिकाच तंबूसारखी वर आली होती आणि मी तिच्यावरच क्लिप मारणार होतो! सरांनी मग गॉलब्लॅडर उघडून खडे काढले, वरचा जमेल तेवढा भाग काढला, खालचा तसाच ठेवून तोंड शिवलं, ड्रेन टाकला. पाचव्या दिवशी बाई चालत घरी गेली. ती नलिका कापली गेली असती तर आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन, आणि त्या घराची दोन-तीन वर्षांची कपाशी त्यात गेली असती.

स्ट्रासबर्ग या सर्जननी 1995 मध्ये लिहून ठेवलंय, त्रिकोणातली चरबी साफ करा, गॉलब्लॅडरचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरपासून सुटा करा, आणि गॉलब्लॅडरमध्ये जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी (त्याची नलिका आणि रक्तवाहिनी) दिसल्याशिवाय काही कापू नका. हे पाठ सगळ्यांनाच असतं गं, पण केस लांबली, भूलवाले घड्याळ बघायला लागले की ते पाळायला तुझ्या मनगटावर बोट ठेवणारा माणूस लागतो. तू तो माणूस शोध, सेंटर आपोआप सापडेल.

आणि तुला परत खान्देशातच यायचंय म्हणतेस म्हणून सांगतो, इथली केस वेगळी आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडून सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) पोरं येतात, लाल पेशी सतत फुटतात म्हणून विशीच्या आतच पित्ताचे काळे खडे. त्यांचं प्रत्येक पोटदुखणं गॉलब्लॅडरचं नसतं, क्रायसिसचंही (सिकलच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून उठणाऱ्या कळांचंही) असतं, ते ओळखायला शिक. ऑपरेशनला त्यांना थंडी वाजू द्यायची नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही, ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही, रक्ताचं आधीच बघायचं आणि पोट फुगवायला भरतो त्या गॅसचं प्रेशर एरवी 12 ते 15 (मिलिमीटर पारा) ठेवतो ते जमेल तेवढं कमी. जिथे शिकशील तिथल्या भूलतज्ज्ञांच्या मागे लागून हे सगळं विचारून घे. 1990 ला डॉ. तेहेमटन उदवाडियांनी देशातली पहिली लॅप कोली केली ती मुंबईच्या जे.जे.मध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, हे मला फार मोठं वाटतं, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस लवकर कामावर जातो, आणि ती गरज हातावर पोट असलेल्यालाच जास्त असते.

तोपर्यंत घरी सराव चालू ठेव. पुठ्ठ्याचा खोका, आत एक छोटा लाइट, वर मोबाईलचा कॅमेरा, आणि केळीच्या सालीवर टाके. रावेरची केळी काय आपल्याकडे ढिगाने. साल फाटली म्हणजे तू टाका जास्त ओढतेस, आतडंही तसंच फाटतं.

अजून 2 वर्षं म्हटल्यावर घरी कुरकुर असेल, पप्पांशी मी बोलतो. शनिवारी लिस्टला 3 लॅप कोली आहेत, त्यातली एक धडगावची सिकलची मुलगी, 17 वर्षांची. सकाळी 7 ला ये, भूल द्यायच्या आधी तिच्याशी आणि तिच्या आईशी दोघं बोलू.