ब्रेक बदलले म्हणून क्लेम नाकारला

इंदूरच्या एका वाचकाने ट्रॅक डेला (बंद रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याचा दिवस) जाण्यासाठी गाडीला मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि पॅड बसवले, ईसीयू रिमॅप करून घेतला (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची सेटिंग बदलली) आणि एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला. ट्रॅकवर जाणं अजून झालेलंच नाही. पावसाळ्यात सकाळी ऑफिसला जाताना, राऊजवळ बायपासवर, आडव्या आलेल्या बाइकस्वाराला वाचवताना गाडी डिव्हायडरवर चढली. विमा कंपनीचं उत्तर आलं: ‘अनधिकृत बदल व रेसिंगसाठी वापर, दावा नामंजूर.’

तुमचं पत्र आणि कंपनीचं पत्र दोन्ही वाचली. कंपनीने रेसिंग, ब्रेक आणि इंजिन या तीन वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या आहेत. आधी त्या सुट्या करू.

रेसिंगचा मुद्दा टिकणारा नाही. शर्यत किंवा वेगचाचणी चालू असताना झालेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं, ट्रॅकवर जायची इच्छा नव्हे. त्या दिवसाचा ऑफिसच्या हजेरीचा पुरावा जोडा.

आता ब्रेक. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) समोर ठेवून बघा: इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, इंधन, आसनं. डिस्क-पॅडचा रकाना कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतला तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल अशा बदलाला मनाई करतं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल समोरचे वकील पुढे करतील. आपण त्याच कलमाच्या शब्दांवर उभं राहायचं. पण एक गोष्ट मला काळजीत टाकते. फक्त ट्रॅकसाठी बनलेले पॅड गरम झाल्यावरच नीट पकडतात. सकाळी, ओल्या रस्त्यावर, पहिल्याच जोरदार ब्रेकला ते कमी पडले असं सर्व्हेअरने (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने) लिहिलं, तर आपली बाजू खरोखर कमकुवत होते. तुमचे पॅड नेमके कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

इंजिनाबद्दल तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. कन्व्हर्टर काढणं म्हणजे प्रदूषणाचे निकष मोडणं. शिवाय बेकायदा बदलासाठी कलम 182क(4) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याचं समर्थन मी करणार नाही, तुम्हीही करू नका. विचारलं तर खरं सांगा. पण कन्व्हर्टर नसल्यामुळे गाडी डिव्हायडरवर चढली का? अटीचा भंग झाला तरी दावा सरसकट फेटाळू नये, कमी रकमेवर का होईना निकाली काढावा, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात घेतली आहे. आपला भर तिथे असेल.

सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. ‘फुल अँड फायनल’ (आता काही मागणं उरलं नाही) असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. महिन्याभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येतं; फी नाही, वकील लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षं खुला असतो, पण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

गाडी गॅरेजमध्ये आहे तशीच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. त्याआधी एकही पार्ट बदलला, तर पुरावा लपवल्याचा आरोप होईल. फोटो झाले की दुरुस्तीतच कन्व्हर्टर आणि मूळ मॅप परत बसवून घ्या. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. काढलेले सुटे भाग जपून ठेवा. आणि पॅडचं बिल आजच शोधा, त्यावरचा पार्ट नंबर मला कळवा.